गुणाबाईंनी धुतलेल्या बाटल्या

गुणाबाईंनी तव्यावर तांदळाची भाकरी टाकली आणि दारावर टकटक झाली. दार तर सताड उघडं होतं. उघड्या दारावर टकटक करणारं माणूस दापोड्यातलं नव्हे, हे ओळखून त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले.

दारात सुकन्या मॅडम उभ्या. गोदामांच्या रांगेत शेवटच्या गाळ्यात पाणी तपासायची प्रयोगशाळा होती, तिथल्या शास्त्रज्ञ. गुणाबाई तिथं बाटल्या अन् काचेच्या नळ्या धुवायच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्याच जागेवर त्यांनी सासूबरोबर भात लावला होता. आता तिथं बेसिनपाशी उभ्या राहायच्या.

"मावशी, आजपासून कामावर येऊ नका. तेच सांगायला आले."

शेजारच्या पडवीतून जाऊबाई कमळा डोकावलीच. "काय गो गुणे, कंपनी घरपोच आली? आता काय आमच्या चुलीतली राख तपासनार?"

कमळाच्या तोंडाला धार यायला कारण होतं. ट्रकवाल्यांसाठी तिची खानावळ चालायची, ती आळीतल्या विहिरीच्या पाण्यावर. याच प्रयोगशाळेनं त्या पाण्यात रोगाचे जंतू आहेत म्हणून सांगितलं, विहिरीला जाळी ठोकली गेली अन् खानावळीची चूल थंड पडली. तेव्हापासून आळीतली कुणी बाई गुणाबाईंशी धड बोलत नव्हती.

"विहीर चांगली आहे," सुकन्या हळूच म्हणाली. "तेव्हाही चांगलीच होती."

तव्यावरची भाकरी करपली. कुणी उलथली नाही.

मग सुकन्यानं उंबऱ्यातच बसून समजावलं. लोखंडाच्या गंजाचे अतिशय बारीक कण असतात. आपल्या शरीरातली एन्झाइमं करतात तसलं काम ते करतात, रंगाचं औषध निळं करतात. त्या कणांवर डीएनएचे धागे चिकटवलेले असले की निळा गडद येतो. पाण्यात तो जंतू असला तर धागे कण सोडून त्याला धरतात, आणि निळा फिका पडतो. फिका म्हणजे पाणी वाईट.

"आन् जंतू नव्हताच, तर फिका कसा पडला?" कमळानं विचारलं.

"कपड्यांच्या पावडरीत फॉस्फेट असतं. धागा कणाला चिकटतो तोही स्वतःच्या अंगातल्या फॉस्फेटच्याच जोरावर. बाटलीत पावडरीचा अंश राहिला, की ते फॉस्फेट कणावरची जागा बळकावतं. धागा सुटतो."

"म्हंजे हिच्या पावडरीनं माझी खानावळ बसली!"

गुणाबाईंना तो दिवस लख्ख आठवला. धुवायचा खास साबण संपला होता. प्रयोगशाळेचे प्रमुख हरेश सर, त्यांना सुकन्या मॅडमसमोरच सांगितलं, तर कानावरचा फोन न काढता ते म्हणाले, "बघा ना मावशी काहीतरी. स्वच्छ निघाल्या म्हणजे झालं." गुणाबाईंनी घरची पावडर नेली. शिवाय या बाटल्यांत पाणी आपल्याच विहिरीचं येणार होतं, त्याला आपल्या हातानं डाग नको. म्हणून कधी घासल्या नव्हत्या इतक्या त्या बाटल्या घासल्या, पार गळ्यात ब्रश घालून.

"सांजच्याला समाजमंदिरात मीटिंग हाय म्हनतात. त्याचीच का?" गुणाबाईंनी विचारलं.

"हो. सर सांगणार आहेत, धुणाऱ्या बाईच्या हलगर्जीपणामुळे चूक झाली." सुकन्या नखं बघत राहिली. "खरं तर दर वेळी एका बाटलीत शुद्ध पाणी घालूनही रंग बघायचा असतो. त्या दिवशी सरांना घाई होती. मी बघितला नाही."

"ते सांगनार सर?"

सुकन्यानं नकारार्थी मान हलवली.

"कशाला सांगतील!" कमळा फणकारली. "त्यान्ला कुठं या आळीत रहायचंय?" पण या वेळी तो फणकारा गुणाबाईंवर नव्हता.

गुणाबाईंनी तवा खाली उतरवला.

"मॅडम, पावडर मीच वापरली, ते सांगू दे सरांना. मी न्हाय म्हननार न्हाय. कामावर पन नका घेऊ. फकस्त साबन संपलाय हे मी त्यांना आधी सांगितलं होतं, तेवढं तुमी सगळ्यांसमोर सांगा."