पार्तिनाचं नाक

जावातल्या मागलांग गावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तान्ह्या पोरांना भूल द्यायची असली, की आधी पार्तिना त्यांचं तोंड हुंगते. हसू नका. तिनं मान डोलावल्याशिवाय भूल देणारे डॉक्टर हेरलाम्बांग मास्कला हात लावत नाहीत. ती नर्स नाही, दाई नाही. फरशी पुसायला लागलेली बाई. पण व्हरांड्यात बसलेल्या आज्या सुईपेक्षा तिला जास्त भितात.

"पिशवी उघडा."

"अगं, पान आहे माझं त्यात!"

"असू दे. दाखवा."

आणि निघतंच! केळं निघतं, चमचा निघतो. पोर भुकेनं रडायला लागलं, की आमच्याकडच्या आज्यांचा जीव राहत नाही. पिकलं केळं चमच्यानं खरवडायचं आणि पोराच्या तोंडात सारायचं, मग ते पोर महिन्याचं का असेना. यांच्या आयांनी तेच केलं, त्यांच्या आयांनीही तेच. डॉक्टर घसा कोरडा करून सांगतात, भूल दिल्यावर पोटातलं वर येतं आणि छातीत उतरतं. सांगोत बापडे!

पार्तिनाला हे कुणी सांगावं लागत नाही. तिची लेक वेनिंग सातव्या महिन्यात झाली, मुठीएवढी. अशा पोरांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला नसा भलत्याच वाढतात. वेळेत लेझर मारलं तर नजर राहते, नाहीतर गेली. आता एवढंसं पोर डोळा उघडा ठेवून निजणार थोडंच! म्हणून भूल. म्हणून उपास. पार्तिनानं काळजावर दगड ठेवून पोरीला दूध तोडलं, आणि ती न्हाणीघरात गेली तेवढ्यात सासूनं डाव साधला.

भूल चढली आणि पोरीच्या तोंडातून पिवळं आलं. पोर निळी पडली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण छाती भरली, लेझर राहिलं. पोर सावरेपर्यंत डावा डोळा हातचा गेला होता. उजवा तेवढा राहिला.

आणि सासू, सामिनेम? "मी कशाला देऊ बाई! शपथ आहे मला!" वर गावभर सांगत सुटली, की सुनेचं दूधच नासकं, तेच पोरीला बाधलं. चोर तो चोर, वर शिरजोर! विहिरीवरच्या बायका पार्तिनाकडं बघून कुजबुजायच्या. पुढं कुणाच्या बाळंतपणात तिला पोर हातात घेऊ दिलं नाही. नवरा म्हणाला, "जाऊ दे, म्हातारी आहे." जाऊ दे? डोळा पोरीचा गेला, दूध हिचं बदनाम झालं, आणि जाऊ दे! त्या दिवसापासून तिला एकच हवं होतं: म्हातारीनं चारचौघांत तोंडानं म्हणावं, मी दिलं. दवाखान्यातली नोकरीही तिनं त्याच रागात धरली.

यंदा सामिनेमचा मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनला आणायचं कुणी? पार्तिनानं. तिनं आदल्या संध्याकाळीच बजावलं, "सासूबाई, आता पाण्याचा थेंबसुद्धा नाही. दवाखान्याचा नियम आहे."

म्हातारीनं मान हलवली. पार्तिना लोकांना उपाशी ठेवते, हे अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक. पण मोतीबिंदूला उपास लागत नाही, नुसते थेंब घालतात, हे म्हातारीला कुठून ठाऊक असणार! नंबरही पार्तिनानं मुद्दाम शेवटचा लावून घेतला. मग दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात तिच्यासमोर ऐसपैस बसून केळ्याची गरम भजी खायला लागली. म्हातारीला दिसत नव्हतं, वास मात्र येत होता.

"पार्तिना, घोटभर चहा..."

"चहा? मिळेल की. एवढंच म्हणा, वेनिंगला केळं मी दिलं. मोठ्यानं म्हणा, सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"मी कशाला देऊ बाई!"

सुंभ जळला तरी पीळ जाईना. "मग बसा वाळत," पार्तिना म्हणाली आणि दुसरं भजं उचललं. खरं सांगायचं तर इतकं गोड भजं तिनं जन्मात खाल्लं नव्हतं. उन्हं चढली. म्हातारीचे हात कापायला लागले, तरी पार्तिनाला दया आली नाही. वॉर्डातून हाक आली म्हणून ती एका पोराचं तोंड हुंगायला उठून गेली.

परत आली तर वेनिंग शाळेतून येऊन आजीला खेटून बसलेली. पार्तिना थबकली. वाकली. म्हातारीच्या तोंडाला नाक लावलं.

केळं.

"कुणी दिलं?" ती अशी ओरडली, की व्हरांड्यातली पोरं दचकून रडायला लागली.

"मी दिलं," वेनिंग म्हणाली. हातात चमचा तसाच. "भूक लागली होती तिला. कशी कापत होती बघ ना!"

सगळ्या आया, सगळ्या आज्या टक लावून बघत होत्या. सामिनेमनं ओठ पुसले. मग म्हणाली, "तूही अशीच रडत होतीस, पोरी. बघवेना मला. मीच दिलं केळं." आणि सुनेच्या दिशेला तोंड करून, "तुझ्या दुधात काही वाईट नव्हतं गं."

ज्या वाक्यासाठी इतकी वर्षं तिनं जीव जाळला, ते आलं. आता ती म्हातारीला उभी सोलणार, एवढ्यात आतून नर्स आली.

"सामिनेम आजी! काही खाल्लंय ना? उपाशी पोटी चक्कर येते बरं."

"खायचं नव्हतं ना?" वेनिंग गोंधळली. "कालपासून उपाशी आहे ही."

"अगं बाई! मोतीबिंदूला कसला उपास? कुणी सांगितलं यांना?"

सगळा व्हरांडा पार्तिनाकडं वळला. वेनिंगही. तिचा तो एक डोळा आईवरून हलेना.

"मी कशाला सांगू बाई!" पार्तिना म्हणाली. "शपथ आहे मला."

सामिनेम हसली. बोळक्या तोंडानं, पोट हलवून हसली.

"बघ," ती म्हणाली, "कसं पटकन येतं तोंडात!"

वेनिंगनं चमचा बाकावर ठेवला, आजीचा हात धरला आणि तिला आत घेऊन गेली. आईकडं तिनं वळून पाहिलं नाही.