क्षमेची ओळ

आमच्या गास गावातल्या शेजारणीला सख्ख्या दिरानं फसवलं, तिची केळीची वाडी परस्पर विकून टाकली. मी चिडून म्हणते, "मावशी, कोर्टात जा ना!" त्या अबोलीचा गजरा गुंफत म्हणतात, "देव बघतोय, बाय." वीट आलाय मला या उत्तराचा. देव नुसता बघतच बसलाय!

मे महिनाभर संध्याकाळी गावच्या क्रुसापाशी रोझरीची प्रार्थना असते. मावशींचा आवाज खणखणीत, म्हणून सगळे त्यांच्या आवाजावर चालतात. दीरही हात जोडून उभा असतो. पण प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' म्हणायची ओळ आली, की मावशी चक्क गप्प! अख्खा गाव अडखळतो.

काल वैतागून विचारलंच. म्हणाल्या, "देवावर भरवसा आहे, बाय. मग त्याच्यापुढं खोटं कसं बोलू?"