तीन महिन्यांचं इंजेक्शन

सांडू दाभाडे चिकलठाण्याच्या एसटी वर्कशॉपात एकतीस वर्षं होते. गाडीच्या सांगाड्यावर पत्रा चढवायचा, भोकं पाडायची, रिबिटा ठोकायच्या. त्या आवाजात शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागे, आणि सांडूभाऊ जे ओरडून सांगत ते घरी जाऊन सांगण्यासारखं नसे. चावट किस्से रंगवण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या शेडमध्ये कुणी नव्हता. नवीन लग्न झालेला कामगार सुट्टीवरून आला की आठवडाभर त्याची खैर नसे. रुंद छाती, राखलेली मिशी. आपल्या अंगात रग आहे हे त्यांना माहीत होतं, आणि ते चारचौघांना माहीत असलेलंही त्यांना आवडत असे.

रिटायर झाल्यावर तिसऱ्या वर्षी लघवी अडायला लागली. आधी वाटलं, वयाचं असेल. मग रक्त तपासलं, तुकडा काढून तपासला, आणि सरकारी कॅन्सर दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं समोर बसवून सांगितलं की प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, पण हाडात गेलेला नाही, बरा होण्यासारखा आहे. सव्वा महिना रेडिएशनचा शेक द्यायचा आणि दोन वर्षं दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. इंजेक्शनानं पुरुषी हार्मोन बंद पडतं, म्हणजे त्या गाठीचं खाद्य बंद होतं. त्यानं नवरा-बायकोच्या संबंधांवर परिणाम होतो, इच्छाही राहत नाही, हेसुद्धा डॉक्टरनं सांगितलं. घाई केली नाही, काही विचारायचं आहे का म्हणून थांबलाही. पण सांडूभाऊंच्या डोक्यात तेव्हा एकच शब्द वाजत होता. ते ‘चालंल’ म्हणाले आणि सही केली. मालनबाई, त्यांची बायको, तेव्हा बाहेर बाकड्यावर फाईल धरून बसली होती.

शेकाचे दिवस निघून गेले. रोज तांब्याभर पाणी पिऊन, लघवी दाबून यंत्राखाली पडायचं आणि मुकुंदवाडीला रिक्षानं परत यायचं. बिडकीनला दिलेली लेक, रूपा, अधूनमधून येऊन स्वयंपाक करून जायची. सगळं बरं चाललंय असं सगळे म्हणत होते, आणि रिपोर्टही तेच म्हणत होते.

चौथ्या-पाचव्या महिन्यात कधीतरी सांडूभाऊंच्या लक्षात आलं की आपल्याला बऱ्याच दिवसांत काही वाटलेलंच नाही. सकाळी उठताना अंगाला जी जाग असते ती नाही. रस्त्यानं एखादी ठसठशीत बाई गेली तर नजर वळत नाही. मालन आंघोळ करून ओल्या केसांनी समोरून गेली, तेव्हा चहात साखर कमी आहे एवढंच त्यांच्या मनात आलं. एकदा त्यांनी मुद्दाम प्रयत्न करून पाहिला. दार लावून, एकट्यानं. दुसऱ्याच कुणाचं तरी अंग हातात घेतल्यासारखं वाटलं. त्यांनी हात धुतले आणि टीव्ही लावला.

त्याचं दुःख व्हायला हवं होतं. तेही झालं नाही, आणि हेच त्यांना सांगता येईना. पाय मोडला तर माणूस दुखतं म्हणतो. इथं काही दुखतच नव्हतं.

त्यांनी आपली खाट बाहेरच्या खोलीत कूलरपाशी टाकली. मालनबाईनं विचारलं तर ‘गरम व्हतं’ म्हणाले. ते खोटंही नव्हतं. दिवसातून सात-आठ वेळा पोटातून जाळ उठे, छाती-मान-कान तापत, घाम फुटे आणि मग हुडहुडी भरे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सकाळी दहा वाजता घरातून निघून मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर जाऊन बसायचं आणि एकच्या सुमाराला जेवायला यायचं, असा त्यांनी क्रम लावून घेतला. स्टेशन लहान, गाड्या मोजक्या. तिथं कुणी काही विचारत नसे.

वर्कशॉपातले आप्पासाहेब रिटायर झाले तेव्हा त्यांनी जेवण ठेवलं होतं. सगळी जुनी मंडळी जमली. पंगत उठल्यावर कुणीतरी म्हणालं, “सांडूभाऊ, तो कन्नडच्या लॉजचा किस्सा होऊन जाऊ द्या.” सांडूभाऊंनी सांगितला. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली घ्यायचा, सगळं बरोबर जमलं. माणसं मांड्यांवर थापा मारून हसली. आप्पासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. सांडूभाऊ मात्र पेपरातली जाहिरात वाचून दाखवावी तसे सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांना प्रश्न पडला की यात हसण्यासारखं नेमकं काय आहे. घरी येताना त्यांनी पान घेतलं. पानाचीही चव लागली नाही.

पुढच्या इंजेक्शनाला त्यांनी डॉक्टरकडे विषय काढला. नजर टेबलावर ठेवून, अर्धवट शब्दांत. डॉक्टरला समजलं. हृदयाचा त्रास, छातीतल्या दुखण्याच्या गोळ्या, सगळं विचारून त्यानं एक औषध लिहून दिलं, पण हेही सांगितलं, “काका, इंजेक्शन चालू आहे तोवर याचा फार उपयोग होईल असं नाही. मनात आलं तरच ही गोळी काम करते. बघा घेऊन.” सांडूभाऊंनी ती आपल्या कॉलनीतल्या दुकानातून घेतली नाही, त्यासाठी रिक्षा करून शहागंजला गेले. दोनदा घेतली. डोकं दुखलं, नाक चोंदलं, बाकी काही नाही. उरलेल्या गोळ्या पँटच्या खिशात राहिल्या.

त्या मालनबाईला सापडल्या. धुण्याआधी खिसे बघायची तिची सवय. कॅन्सरच्या सगळ्या गोळ्या तिला रंगावरून ओळखू येत होत्या, ही त्यातली नव्हती. तिनं फोटो काढून रूपाला पाठवला आणि फोन लावला. रूपानं फोटो उघडून पाहिला. मग म्हणाली, “आई, हे तू पप्पांनाच विचार.”

“अगं पण कशाची हाय?”

“विचार तू. मी ठेवते.”

लेकीनं फोन असा ठेवल्यावर मालनबाईला सांगायची गरज उरली नाही. अंगणवाडीत मदतनीस म्हणून बावीस वर्षं काढलेली बाई, गल्लीतल्या चार घरांची भांडणं तिनं मिटवलेली. बाहेर टाकलेली खाट, रोजचं दहा ते एक बाहेर जाणं, आणि आता ही गोळी. तिनं हिशोब जुळवला.

सांडूभाऊ एक वाजता आले. तिनं ताट वाढलं, जेवू दिलं. हात धुवून ते बसल्यावर गोळ्यांची पट्टी समोर ठेवली.

“कोण हाय ती?”

“कोण?”

“जिच्याकडं रोज जाता ती.”

सांडूभाऊंनी पट्टीकडे पाहिलं. पूर्वीच्या सांडूनं या प्रश्नावर ताट भिरकावलं असतं. त्यांनी आत कुठं राग आहे का चाचपून बघितलं. नव्हता.

“कुणी नाय. टेसनवर बसतो.”

“टेसनवर. आन् ह्या गोळ्या टेसनवर खायला का?”

“तुझ्यासाठी आणल्या व्हत्या.”

मालनबाई त्यांच्याकडे बघत राहिली. खोटं बोलणारा माणूस तिला कळत असे. या चेहऱ्यावर खोटंही नव्हतं आणि खरंही नव्हतं, नुसता चेहरा होता.

“माझ्यासाठी कामून? म्या मागितल्या?”

“मालन, माझं ते बंद झालंय,” सांडूभाऊ म्हणाले. “शेक घेतला तवापासून. इंजेक्शनानं मनातूनच गेलंय. गोळीनंबी येत नाय.” मग कुणाचा तरी निरोप सांगावा तसं म्हणाले, “मला काई वाटतच नाय. तुझंबी नाय, कुणाचंच नाय.”

मालनबाई बोलणार होती, तेवढ्यात त्यांच्या पोटातून जाळ उठला. मान लाल झाली, कपाळावर घाम तरारला. सांडूभाऊ उठून, शर्टाची बटणं ओरबाडून काढत कूलरसमोर जाऊन उभे राहिले. पाठ तिच्याकडे केली. तिला वाटलं, रडतात. जवळ जाऊन पाहिलं तर रडत नव्हते, नुसते डोळे मिटून उभे होते.

“हे कव्हापासून व्हतंय?”

“इंजेक्शन सुरू झालं तवापासून.”

“बेंबीपासून वर चढतं? कानात जातं? आन् मंग थंडी वाजती?”

सांडूभाऊ वळले. “तुला कसं ठाऊक?”

“मला चार वर्षं व्हत व्हतं. पाळी गेली तव्हा.”

मालनबाई खाली बसली आणि भाजी निवडायला घ्यावी तशा सहजपणे बोलू लागली. “भर थंडीत मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारायची. तुमी आतून ओरडायचे, दार लाव म्हणून. एकदा लाईटबिलावरून बोलले व्हते, पंखा लावला तर. तव्हा मलाबी काई वाटत नव्हतं. तुमी जवळ यायचे, मी छताकडं बघत पडायची. दूध नासलं तर काय करायचं, असलं काईबाई डोक्यात यायचं.”

“बोलली नाय कव्हा.”

“तुमी विचारलं नाय.”

सांडूभाऊंना सगळं आठवलं. दार लाव म्हणून ओरडल्याचं, पंख्याचं. छताकडं बघणं मात्र आठवेना, कारण त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. आपल्याला लाज वाटायला हवी हे त्यांना समजत होतं. लांबच्या नातेवाइकाची बातमी कळावी तसं समजलं, आत शिरलं नाही. त्यांनी तेही तिला सांगितलं.

“नाय तर नाय,” मालनबाई म्हणाली. “शर्ट काढा तो. टेरिकॉटचा शर्ट घालून कूलरपुढं उभे राहतात.”

दुसऱ्या दिवशी तिनं दोन सुती बंड्या आणल्या. एक जुना नॅपकिन ओला करून फ्रिजमध्ये ठेवला. चहा दिवसातून दोनदाच, तिखट कमी, आणि जाळ उठायला लागला की ओला नॅपकिन मानेवर. यानं थांबत नव्हतं, पण लवकर ओसरायचं. हे सगळं ती अशा सराईतपणे करत होती की सांडूभाऊ नुसते बघत बसत. हे ती तेव्हा स्वतःसाठी कधी करत असेल, हा प्रश्न त्यांना दोन दिवस छळत राहिला.

त्यानंतरच्या इंजेक्शनाला ती बाकड्यावर बसली नाही, आत गेली. डॉक्टरसमोर बसून तिनं सरळ विचारलं, “साहेब, ह्यांचं ते परत येतं का नाय?”

सांडूभाऊंनी भिंतीकडं तोंड केलं. डॉक्टरनं सगळं नीट सांगितलं. इंजेक्शनं संपल्यावर सहा महिने, वर्षभरात इच्छा बरीचशी परत येऊ शकते, या वयात कुणाकुणाची पुरती येत नाही. शेकानं नसांवर परिणाम होतो, त्यामुळे इच्छा आली तरी अंग साथ देईलच असं नाही. एक पंप मिळतो, वापरून बघता येईल. मग बाजूच्या खोलीत मोनिका सिस्टरनं पंप दाखवला. प्लॅस्टिकची नळी, हातानं दाबायचा रबरी फुगा, आणि खाली लावायची रिंग. अर्ध्या तासाच्या वर रिंग ठेवायची नाही, हे तिनं तीनदा सांगितलं. मालनबाईनं वस्तू हातात घेऊन फिरवून बघितली, शिलाई मशीनचा भाग बघावा तशी, आणि कुठं मिळेल ते विचारून घेतलं.

एका रविवारी विहारातून वंदना करून आल्यावर, दुपारी कडी लावून दोघांनी तो वापरून पाहिला. पत्रक वाचायला चष्मा लागला. दोनदा हवा सुटली. तिसऱ्यांदा जमलं. जे उभं राहिलं ते गार होतं, निळसर होतं.

“हे माझं वाटतच नाय,” सांडूभाऊ म्हणाले.

“दुखतंय?”

“नाय.”

“मंग सोडा की. बळजबरी हाय का काई?”

तिनं रिंग काढून दिली. नंतर दोघं आडवे पडून राहिले. मालनबाईला मधेच हसू आलं. कशाचं, ते तिनं सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. पंप कपाटात, थंडीच्या रजयांमागं गेला. त्यानंतर तो आणखी दोनदा निघाला, पुढं निघाला नाही.

खाट बाहेरच राहिली. पण उन्हाळा चढला तशी मालनबाईनं आपली गादी तिथंच खाली टाकली. आत कूलरची हवा येत नाही, हे कारण. सांडूभाऊ स्टेशनवर जातच राहिले, फक्त निघताना ‘टेसनवर जातो’ असं सांगून जाऊ लागले. कधी ती म्हणायची, येताना कोथिंबीर आणा.

शेवटचं इंजेक्शन मार्चमध्ये झालं. रक्ततपासणीतला गाठीचा आकडा अगदी खाली होता, डॉक्टर खूश होता. दिवाळीच्या आसपास जाळ उठणं जवळपास थांबलं. बाकीचं, डॉक्टरनं सांगितलं होतं तसं, थोडंच आलं. कधी सकाळी अंगात काहीतरी हललं असं वाटे आणि नीट लक्ष देईपर्यंत निघून जाई. सांडूभाऊ त्याची वाट बघत बसले नाहीत. मालनबाईनंही विचारलं नाही, पण ते सांगत. “आज जरासं व्हतं,” किंवा “आज काई नाय.” ती “बरं” म्हणे.

जानेवारीतल्या एका दुपारी दोघं खालीच गादीवर पडले होते. मालनबाईनं विचारलं, “झोप लागली का?”

“नाय.”

“मंग जरा पाठ चोळा. इथं, खांद्याखाली. दुखायलंय.”

सांडूभाऊ उठून बसले आणि दोन्ही अंगठ्यांनी तिची पाठ चोळू लागले. पाठीवर कुठं गाठ लागते, कुठं ती श्वास धरते, हे त्यांना हळूहळू कळायला लागलं होतं. पत्र्यावरून हात फिरवून पोचे हुडकायची त्यांच्या बोटांची सवय अजून गेली नव्हती. सुख म्हणावं असं काही त्यांना वाटत नव्हतं. पण हातांना काम होतं, आणि पाठ गरम होती. थोड्या वेळानं ती घोरू लागली. तरी ते चोळत राहिले. मग गल्लीत कुणीतरी पाणी आलं म्हणून हाक दिली. आठ दिवसांनी पाणी आलं होतं. सांडूभाऊ गुडघ्यावर हात टेकून उठले आणि मोटार लावायला गेले.