आईच्या जास्वंदीची फवारणी

आई गेली आणि तिच्या जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागल्याचं तेव्हा कुठं आमच्या ध्यानात आलं. पान उलटावं तर पांढरा कापूस, हाताला चिकट, खोडावर मुंग्यांची रांग. कळ्या उमलायच्या आधीच गळायच्या. आईच्या दुखण्यात त्या झाडाकडं बघणार तरी कोण?

मी दौंडला असते, रविवारी वडगाव रासाईला आप्पांकडं, म्हणजे वडिलांकडं जाते. स्वभाव माझा आधीच तापट. सरळ म्हटलं, "आप्पा, उपटून टाका हे. केडगावच्या नर्सरीतनं नवी रोपं आणते."

"न्हाई," आप्पा म्हणाले. "तिच्या वर्षश्राद्धाला तिच्याच झाडाची फुलं वाहायची हायती मला. इकतचा हार नको."

"मग निदान एक चांगली फांदी तोडून दुसरीकडं लावू."

"फांदी म्हंजी दुसरं झाड झालं की. तिनं लावलेलं हे हाय."

आता काय बोलणार, कप्पाळ! तरी मी हट्टानं दोन रोपं आणलीच. ती पिशवीतच हौदापाशी पडून राहिली. जुन्या झाडाची मात्र काय ती सेवा! आप्पा जुन्या ब्रशनं फांद्या घासायचे, साबणाच्या पाण्यानं एकेक पान पुसायचे. शेवटी शेवटी आईचं अंगही ते असंच पुसायचे. मला बघवायचं नाही, मग मी आत जाऊन उगाच भांडी आपटायचे.

आणि काय सांगू, झाडानं जीव धरला! एका रविवारी गेले तर नवी पालवी, शेंड्याला कळ्या. "बघितलंस का?" म्हणून आप्पा हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच हसले. माझं म्हणणं खोटं ठरलं याचा मला कधी नव्हे तो आनंद झाला.

पुढच्या रविवारी ती पालवी पिळवटून गेली होती, कळ्यांनी माना टाकल्या होत्या. कीड कुठंच नव्हती. आप्पा पायरीवर बसलेले, शेजारी पाठीवरचा फवारणी पंप.

"पिठ्या परत येऊ न्हाई म्हणून निंबोळी तेल मारलं," ते म्हणाले. "पंप धुवायचा राह्यला. उसातलं तणनाशक हुतं त्यात."

त्या औषधानं उसाला काही होत नाही, रुंद पानाचं मात्र जगत नाही. तो पंप दुसऱ्या कशाला लावायचा नाही, हे आम्हा भावंडांना ओरडून ओरडून त्यांनीच शिकवलेलं.

"असू द्या आप्पा. झाड जुनंच झालं होतं."

"बरं झालं हुतं गं ते. म्याच थांबलो न्हाई." मग पंपाकडं बघतच म्हणाले, "तुझ्या आईचंबी तसंच केलं म्या. ती म्हणायची, आता सुया पुरं, मला घरी न्या. म्या म्हणायचो, अजून एक डाव बघू. तसं करता करता दवाखान्यातच गेली."

मी त्यांच्या शेजारी बसून हमसून हमसून रडले.

वर्षश्राद्धाच्या दिवशी नव्या रोपाला, पिशवीतल्या पिशवीतच, एक फूल आलं होतं. आईच्या फोटोला वाहायला मी ते तोडायला गेले, तर आप्पांनी माझा हात धरला.

"नको," म्हणाले. "ऱ्हाऊ दे तिला घरी."