मळणीयंत्राची पन्हळ

आमच्या विद्यापीठाचं कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय नावारूपाला आलं ते बैलांच्या अवजारांवर. तिफण, कोळपं, मग मळणीयंत्र. परभणीच्या काळ्या रानात चालेल तेच आम्ही करतो, असं आम्ही छाती फुगवून सांगायचो. खोटं नव्हतं ते.

माझं काम मळणीयंत्राच्या तोंडाशी. सोयाबीनच्या हंगामात दवाखान्यात तुटके हात यायचे आणि माझं डोकं फिरायचं. म्हणून मी त्या तोंडाला लांब, वरून झाकलेली पत्र्याची पन्हळ केली. कापलेलं काड आत सरकतं, हात आतल्या फिरत्या दात्यांपर्यंत पोचतच नाही. महाविद्यालयानं ती रंगवून प्रदर्शनाच्या दालनात ठेवली. पाहुणा आला की आधी तिच्यापुढं नेतात.

धाकट्या भावानं पिंगळीजवळ भाड्यानं मळणी करायला मशीन घेतली, तेव्हा मीच जाऊन पन्हळ बसवून दिली. नारळ फोडला.

पण मळणीचं भाडं पोत्यावर ठरतं आणि पन्हळीतून काड हळू जातं. यंदा सोयाबीन कापून पडलं आणि आभाळ भरून आलं. गिऱ्हाईक बांधावरून ओरडलं, "तुमची मशीन चावून चावून खायलीय का? पाऊस यायलाय!" भावानं पाना घेतला, पन्हळ काढून बाजूला ठेवली. सगळेच काढतात. थोड्या वेळानं ओल्या काडाचा बोळा अडकला. तो त्यानं हातानं रेटला.

उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत गेला. फोन आला तेव्हा मी दालनात उभा राहून बाहेरून आलेल्या समितीला महाविद्यालयाची बलस्थानं सांगत होतो.

दवाखान्यात मी त्याच्यावरच खेकसलो, "कशाला काढलीस? कशाला काढलीस रे?"

"दादा, तुमची पन्हळ लय चांगली हाय," तो म्हणाला. "पर आभाळाला कोण थांबवणार?"

मला आमचाच संताप आला. चाचणी आम्ही शेडमध्ये, वाळल्या काडावर घेतली होती. डोक्यावर ढग आणि मागं ओरडणारं गिऱ्हाईक घेऊन आमच्यातला एकही जण मशीनीपाशी उभा राहिला नव्हता. एवढे शिकलेले आम्ही.

भावानं पट्टी बांधलेला हात उशीवर नीट ठेवला. मग म्हणाला, "दादा, तुमच्या कालेजात एका हातानं होईल असं काई काम हाय का?"

आमच्या कार्यशाळेत नवी भरती कधीच बंद झालेली. मी नाही म्हणालो.