दोन हात वार्निश

हाजरा मुकादम पनवेलच्या एसटी स्टँडमागे एका लहानशा कंपनीत सर्किटं आखते. डिप्लोमा करून ती इथे लागली, त्याला चौदा वर्षं झाली.

गेल्या मार्चमधली गोष्ट. उरण रस्त्यावरच्या एका कंटेनर यार्डात ट्रेलरच्या काचेवर टॅग असतो आणि फाटकावरचा रीडर तो लांबूनच वाचतो. पण शेजारी मोबाइल टॉवर उभा राहिला आणि रीडर गोंधळू लागला. टॅगची ८६६ मेगाहर्ट्झची लहर आत घ्यायची आणि टॉवरची अडवायची, असा फिल्टर हवा होता. रीडरच्या जुन्या डब्यात जागा पोस्टाच्या तिकिटाएवढी. हाजराने फिल्टरची तांब्याची रेघ नागमोडी दुमडून ती त्यात बसवली.

पहिले तीन बोर्ड बनून आले. संध्याकाळी मोजले तर तिन्ही बरोब्बर ८६६. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यातलाच एक बोर्ड, तीच वायर, आणि आकडा ८५१.

तिने मीटर पुन्हा जुळवून घेतलं, वायर बदलली. ८५१च. दुसऱ्या बोर्डाचंही तेच झालं. तिसरा मात्र तिच्या खणात पडून होता, तो ८६६ वरच.

"मीटर बिघडलं असेल," घरी नवरा महमूद म्हणाला.

"मग तिसऱ्याला कसं बरोबर दाखवतं?"

हाजराला स्वतःचाच भरवसा वाटेना. आधी आपण आकडा वाचायलाच चुकलो होतो की काय, असंही वाटून गेलं.

शेवटी तिने मालूताईंना विचारलं. कोन गावच्या मालूताई जोडकामाच्या टेबलावर बसतात. "माझ्या बोर्डांना कोणी हात लावला होता का?"

"मी काय नाय केला, मॅडम," मालूताई दुखावल्या. "काल सकाली वार्निश मारला फकस्त. दोन बोर्ड भायेर होते, त्यांना."

"कोणी सांगितलं?"

मालूताईंनी भिंतीकडे बोट केलं. दमट हवेने बोर्ड खराब होतात, म्हणून प्रत्येक बोर्डाला वार्निश मारावं, असा कागद तिथे चिकटवलेला होता. खाली सही हाजराचीच, दोन वर्षांपूर्वीची.

ती खुर्चीत बसली आणि हसावं की काय करावं तेच तिला कळेना. वार्निशचा थर बसला की लहरीचा आकडा उतरतो हे ती कॉलेजात शिकली होती. पण एवढासा थर पंधरा खाली ओढेल?

तिने रेघ थोडी आखूड केली. नवा बोर्ड वार्निशशिवाय ८८१ दाखवायचा आणि वार्निशनंतर ८६६. यार्डातला रीडर नीट वाचू लागला.

जूनमध्ये मालूताई सुट्टीवर गेल्या आणि त्यांच्या जागी बसलेल्या जगनने वार्निश मारलेले बोर्ड ८७३ वर निघाले. हाजराने मालूताईंना फोन लावला.

"तुम्ही वार्निश नक्की कसं मारता?"

"कसा म्हंजे? दोन हात."

जगननेही दोनच हात मारले होते. पण त्यांनी आकडा आठच उतरला होता, मालूताईंच्या दोन हातांनी पंधरा. हाजरा म्हणाली, "मालूताई, सोमवारी जरा लवकर या. मला बघायचंय."