हाजींची पाठ आणि घरच्या नर्सिंगचा रूल

"नर्सनं गेटबाहेर जाऊन ड्रेसिंग करायचं, असा रूलच नाही," म्हणत मेट्रनबाईंनी फाइल मिटली.

ही ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी वसईची, बहरीनमधल्या एका हॉस्पिटलात मेल वॉर्डची सिस्टर. हिद्द गावचे हाजी यूसुफ अर्धांगानं आठ महिने माझ्या वॉर्डात पडून होते. त्यांना बेडसोअर झाला होता. म्हणजे एकाच जागी दाब येऊन पाठीची कातडी कुजते. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, आणि तीस पेशंटला आम्ही दोघी. हाजींनी जेवण टाकलं होतं. "मला घरी न्या," एवढंच म्हणायचे. इथे ठेवलं तर म्हातारा जाणार, हे मला दिसत होतं.

पण फाइलवर शेरा होता: घरचे सहकार्य करत नाहीत. तो मीच लिहिलेला. मुलगी फातमा रोज यायची आणि हात मांडीवर ठेवून बसून राहायची. माझं डोकं फिरायचं. एकदा हिंदीत विचारलंच, बापाची कूस बदलायला हात झिजतात का?

ती गोरीमोरी झाली. "सिस्टर, ये तुम्हारा घर है. मेहमान काम को हाथ लगाएगा तो तुम्हारा बेइज्जती."

मी कपाळावर हात मारला. आठ महिने मी तिला आळशी समजत होते आणि ती पाहुणीची रीत पाळत होती. त्याच दिवसापासून तिला शिकवायला घेतलं. आठवड्याभरात तिचा हात माझ्यापेक्षा हलका झाला.

मग मी मेट्रनबाईंच्या मागे लागले. "हाजींना घरी सोडा, तीन महिने ट्रायल द्या. आठवड्यातून दोनदा ड्युटी सुटल्यावर मी जाऊन बघेन."

"आणि काही झालं तर?"

"माझा व्हिसा कॅन्सल करा."

बोलून तर बसले, पण घरी नवऱ्याला सांगायची हिंमत झाली नाही.

मेट्रनबाईंनी ट्रायल दिली आणि हाजी घरी गेले. आता हिद्दला पाहुणी मी. फातमा मला कशाला हातच लावू देईना. वेलचीची कॉफी पुढे ठेवायची आणि म्हणायची, "बैठो." हाजींची खाट मजलिसमध्ये, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत टाकली होती. शेजारपाजारचे पुरुष येऊन बसायचे, घड्याळ बघून तेच हाजींची कूस बदलायचे. गप्पांच्या नादात हाजी दोन घास जास्त जेवायचे.

तीन महिन्यांनी मेट्रनबाई आणि आरोग्य खात्याचे एक साहेब तपासायला आले. साहेबांनी चादर उचलली. तळहाताएवढ्या जखमेच्या जागी नवी गुलाबी कातडी आली होती.

"कोणत्या नर्सचं काम हे?"

मी फातमाकडे बोट दाखवलं. मेट्रनबाई चक्क हसल्या.

पुढच्याच वर्षी सर्क्युलर निघालं. घरी नर्सिंग, नर्सला गाडी, घरच्या माणसांना ट्रेनिंग. मी ते तीनदा वाचलं आणि वॉर्डात सगळ्यांना चहा पाजला.

हाजी पुढे चार वर्षं जगले, आपल्या माणसांत. रूल साहेबांच्या सहीनं होतो, हे खरं. पण त्या सहीसाठी साहेबांना हिद्दपर्यंत आणावं लागतं.